बिनमोहरीची भजी

जर्मनीत नऊ वर्षं मी जत्रांमधून वडे आणि भजी तळली. हे ऐकलं की लोकांचा चेहरा खुलतो. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनीही कळवलं, "जत्रेतल्या गमती लिहा, जर्मन माणूस वडा कसा खातो ते लिहा." गमती पुष्कळ होत्या. पण ज्या दिवसानंतर मी कढई खाली ठेवली तो दिवस वगळून त्या सांगता येतात का, हे मी तीनदा लिहून पाहिलं. नाही येत. तेव्हा दोन्ही सांगतो.

मी मूळचा कराडचा, मेकॅनिकल इंजिनियर. येनाच्या जवळ एका कारखान्यात लेन्स घासायच्या यंत्रांवर काम करत होतो. तो विभागच बंद झाला तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. त्या वयात इथे नोकरीसाठी अर्ज केला की फार सभ्य भाषेत नकार येतो. दीड वर्ष मी ते सभ्य नकार वाचले. आमच्या खालच्या मजल्यावर होर्स्ट राहायचा. तीन पिढ्या जत्रांमधून ब्राटवुर्स्ट, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं सॉसेज विकणारं घराणं. एकदा माझ्या बायकोने, शुभदाने, त्याला गरम वडा नेऊन दिला. दारातच उभ्याने खाऊन तो म्हणाला, "कान मान एसन." म्हणजे, खाता येतं. शुभदाला वाईट वाटलं. पुढे कळलं की आमच्या या थ्युरिंगेन राज्यात याच्या वर स्तुती नसते.

होर्स्टनेच आम्हाला या धंद्यात आणलं. फोल्क्सफेस्ट म्हणजे जत्राच. देव कधीचा मागे पडलेला, पाळणे आणि खाणं उरलेलं. बाहेरून वाटतं, गाडी लावली की झालं. तसं नसतं. जागेसाठी आदल्या वर्षी अर्ज करावा लागतो. गॅसच्या नळ्यांची तपासणी, अग्निशामक, हात धुवायला गरम पाणी, आरोग्यखात्याचा दाखला, सगळं लागतं. आणि प्रत्येक पदार्थाचं कार्ड लावावं लागतं. ज्यांची अॅलर्जी असू शकते अशा चौदा गोष्टींची सरकारी यादी आहे. त्यातलं जे जे तुमच्या पदार्थात असेल त्यापुढे खूण करायची. कागद भरण्यात मी हुशार. इंजिनियरच ना.

कागदात नसलेलं होर्स्टने शिकवलं. रिकाम्या गाडीसमोर जर्मन माणूस उभा राहत नाही, त्याला पहिला व्हायचं नसतं. म्हणून सकाळी होर्स्ट स्वतःच आमच्यासमोर प्लेट घेऊन उभा राहायचा आणि मोठ्याने फुंकर घालत वडा खायचा. दहा मिनिटांत मागे चार माणसं. वारा कुठून येतो ते बघून गाडीचं तोंड वळवायचं, म्हणजे कांद्याचा वास पाळण्यांच्या रांगेकडे जातो. पावसात तिखट जास्त खपतं. एक आजोबा दरवर्षी एकच वडा घ्यायचे, काट्या-सुरीने त्याचे आठ सारखे भाग करायचे, सारण वेगळं, कवच वेगळं खायचे आणि म्हणायचे, "मनोरंजक." येनाहून पीएचडी करणारी आपली मुलं यायची. "काका, पाव नाही?" असं विचारून ब्रोटशनमध्ये, म्हणजे इथल्या कडक कवचाच्या छोट्या पावात, कोंबलेला वडा खायची आणि डोळे पुसत "तिखट आहे हो" म्हणायची. तिखट नव्हता. शुभदा त्यांना दुसरा वडा न विचारता द्यायची.

आमच्या दुसऱ्या वर्षी एक बाई आणि तिची तेरा वर्षांची मुलगी गाडीसमोर आल्या. बाई म्हणजे फ्राउ केलर, आपल्याकडच्या भाषेत केलरबाई, शाळेत शिकवायच्या. मुलगी लेना. मुलीचे केस इतके ताणून बांधलेले की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. बाईंनी कार्डाकडे पाहिलं नाही. सरळ मला विचारलं, "यात सेन्फ आहे का?"

सेन्फ म्हणजे मोहरी. पण इथे सेन्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती सॉसेजवर ओततात ती पिवळी मोहरीची चटणी. मी हसून होर्स्टच्या गाडीकडे बोट दाखवलं. "सेन्फ तिकडे. आमच्याकडे नाही." आणि लेनाच्या हातात वड्याची प्लेट दिली.

शुभदाला तेव्हा जर्मन बेताचंच यायचं. ती मागून म्हणाली, "काय विचारतायत त्या?"

"सेन्फ आहे का विचारतायत."

"अहो, म्हणजे मोहरीच ना? फोडणीत आहे की!"

आणि माझ्या खांद्यावरून हात घालून तिने लेनाच्या हातातली प्लेट ओढून घेतली. वडा खाली चिखलात पडला. लेनाचं तोंड उघडं होतं. अजून दात लागला नव्हता.

फ्राउ केलर पांढऱ्याफटक पडल्या. मुलीला मोहरीची भयंकर अॅलर्जी. एखादा कण पोटात गेला तरी घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो. इंजेक्शनचं पेन पिशवीत घेऊनच त्या दोघी हिंडायच्या. आणि थ्युरिंगेनच्या जत्रेत मोहरीची चटणी कुठे नसते? सॉसेजला ती, मांसाच्या तुकड्यांना तीच, सॅलडमध्ये तीच. लेना जत्रेत यायची, पाळण्यात बसायची आणि घरून आणलेला डबा बाकावर बसून खायची. आमच्या गाडीवर वेगळं काही दिसलं म्हणून त्या मोठ्या आशेने आल्या होत्या. त्या जायला निघाल्या.

"थांबा म्हणावं त्यांना," शुभदा म्हणाली. "दहा मिनिटं."

तिने कोपरापर्यंत हात धुतले. घरच्या वापराची एक छोटी कढई होती, ती काढली. नवं तेल, नवं भांडं. बेसनाचं न फोडलेलं पाकीट फ्राउ केलरांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून त्यावरचं सगळं, अगदी कारखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं. मग कांदा, मीठ, हिरवी मिरची, ओवा. प्रत्येक वस्तू शुभदा आधी हात लांब करून दाखवायची आणि मगच पिठात घालायची. त्या दोघींच्या मागे लोक खोळंबले. मी त्यांना दुसरीकडे जायला सांगितलं.

लेनाने पहिलं भजं हातात घेऊन बराच वेळ नुसतं पाहिलं. मग कोपरा चावला. आईकडे पाहिलं. थांबली. काही झालं नाही. मग तिने जे खाल्लं ते मी विसरणार नाही. दोन्ही हातांनी, तोंड भाजत, हनुवटीला तेल. बाकीच्या पोरांसारखी उभ्या टेबलापाशी कोपर टेकून, कागदी प्लेटमधून. फ्राउ केलरांनी पाळण्यांकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिल्या. लेना म्हणाली, "अजून मिळेल?"

त्यानंतर त्या दरवर्षी आल्या. आठवडाभर आधी फ्राउ केलर फोन करायच्या. जत्रेच्या पहिल्या सकाळी, मोठी कढई तापायच्या आत शुभदा छोट्या कढईत लेनाची भजी काढायची, आणि पुन्हा कधी लागलीच तर छोटी कढई, वेगळं भांडं आणि त्याच कंपनीचं बेसन तयार असायचं. हा तिचा नियम होता. तो मला थोडा सोवळ्यासारखा वाटायचा, आणि मी तिला त्यावरून चिडवायचोही. होर्स्ट म्हणायचा, "मोहरीशिवाय जगणारी मुलगी आमच्या राज्यात! हिला पासपोर्ट कोणी दिला?" लेना हसायची. वर्षावर्षाने उंच होत गेली. सोळाव्या वर्षी तिने मला सांगितलं की वर्षातून एवढी एकच जागा आहे जिथे ती उभ्याने, लोकांत, अनोळखी माणसाच्या हातचं खाते. मला अभिमान वाटला. मी कार्डावर वड्यापुढे मोहरीची खूण केली होती. भज्यांपुढे नव्हती.

मग ते शेवटचं वर्ष आलं.

शुभदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती घरी. मदतीला होर्स्टच्या ओळखीची एक बाई काउंटरवर होती, तळणाचं मी एकटाच बघत होतो. निघताना शुभदाने सोफ्यावरून यादी सांगितली. छोटी कढई तिने सांगितली होती. ती ओट्यावर काढूनही ठेवली होती. गाडीत सामान खच्चून भरलं होतं. फ्राउ केलरांचा त्या वर्षी फोन आला नव्हता. लेना आता येनाला शिकायला गेली होती, यायची नाही बहुतेक, असं मी मनाशी म्हणालो आणि कढई ओट्यावरच ठेवली.

पहिले दोन दिवस पाऊस. कुत्रं फिरकलं नाही. शनिवारी दुपारी ऊन पडलं आणि सगळं गाव लोटलं. मी एका हाताने वडे सोडत होतो, दुसऱ्या हाताने कांदाभजी. भांडं एकच होतं, पिठाचं. वड्याचं सारण पिठात सुटत होतं, बोटांना लागत होतं. सकाळी एक वडा फुटला होता तेव्हा मी तेल गाळून घेतलं होतं. गाळलं म्हणजे साफ झालं, असं माझ्या डोक्यात होतं. खरं सांगायचं तर डोक्यात काही नव्हतंच. रांग होती.

"हालो!"

लेना होती. केस मोकळे. बरोबर चार मित्रमैत्रिणी, विद्यापीठातले. आई नव्हती. ती त्यांना माझ्याकडे हात करून सांगत होती, "हेच ते. इथे मी खाऊ शकते." एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तू खरंच खातेस?" सगळे हसले, तीही हसली. मग काउंटरवर वाकून तिने मला विचारलं,

"आलेस वी इमर?" सगळं नेहमीसारखंच ना?

इथे मला थांबावं लागतं. माझ्या हाताला पीठ होतं. त्या पिठात मोहरीचे दाणे डोळ्यांना दिसत होते. मी ते पाहिले. 'नाही, या वर्षी नाही,' एवढंच म्हणायचं होतं. तिच्यामागे तिचे मित्र उभे होते, त्यांच्यामागे वीस माणसं. तिचा चेहरा इतका आनंदी होता. मला वाटलं, चार दाण्यांनी काय होतंय. मला वाटलं, तळून निघालं की जातं. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर तिला नाही कसं म्हणू. हे सगळं एका क्षणात वाटलं आणि मी म्हणालो,

"या, या. वी इमर." हो, हो, नेहमीसारखंच.

काठाने, वरवरचं पीठ घेऊन, दाणे चुकवून मी तिची भजी सोडली. म्हणजे मला माहीत होतं. नाहीतर दाणे चुकवले कशाला?

ती टेबलापाशी जाऊन खाऊ लागली. मी पाहत होतो. मान वर करून तिने मला 'मस्त' म्हणून अंगठा उंचावून दाखवला. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. थोड्या वेळाने काहीतरी पडल्याचा आवाज आला. टेबल कलंडलं होतं. लेना गवतावर गुडघ्यांवर बसली होती, गळ्याला हात लावून. ओठ सुजले होते. मैत्रिणीने तिची सॅक उपडी केली, पेन शोधलं, जीन्सवरूनच मांडीत टोचलं. जत्रेतलं प्रथमोपचाराचं पथक धावत आलं. होर्स्ट धावला, लोकांना मागे ढकलू लागला. मी गाडीतच उभा होतो. कढईत वडे जळत होते आणि मला गॅस बंद करायचं सुचत नव्हतं. शेवटी काउंटरवरच्या बाईने तो बंद केला.

तिला स्ट्रेचरवरून नेताना तिचे डोळे उघडे होते. माझ्याकडे नव्हते, वर होते.

ती वाचली. तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. त्याच संध्याकाळी गाडीवर सरकारी माणसं आली, पिठाचा नमुना डब्यात बंद करून घेऊन गेली. गाडी सील केली. मी घरी गेलो. शुभदा उशीवर पाय ठेवून बसली होती. मी जे झालं ते सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली,

"छोटी कढई?"

"राहिली."

मग अगदी हळू म्हणाली, "राहिली, की ठेवलीत?"

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने मला पुष्कळ बोल लावले, पण या एका गोष्टीवर ती नंतर एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आमची मुलगी फ्रँकफर्टला असते. ती फोनवर जर्मनमधून समजूत घालायची, "बाबा, तो अपघात होता." शुभदा शेजारी बसून ऐकायची, आणि उठून जायची.

पोलिसांनी जबाब घेतला. वकिलाने आधीच बजावलं होतं, मुलीला भेटायचं नाही, पत्र पाठवायचं नाही, माफी मागायची नाही. माफी म्हणजे कबुली. मी जबाबात लिहून दिलं की गर्दीच्या घाईत लक्षात आलं नाही. वाक्य वकिलाचं होतं, सही माझी. प्रकरण निष्काळजीपणाचं ठरलं, दंड झाला, मिटलं. कोणी मला वाळीत टाकलं नाही. होर्स्ट म्हणाला, "प्रत्येकाच्या गाडीवर एकदा काहीतरी होतं." त्याने बरं वाटायला हवं होतं. मला पुन्हा जागा मिळाली असती. मी अर्जच केला नाही. गाडी एका कॉफीवाल्याला दिली.

फ्राउ केलर एकदा घरी आल्या. आत आल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "मला तुमच्यावर ओरडायचं होतं. आता उभी आहे तर जमत नाही." मग म्हणाल्या, "ती आता माझ्या हातचंही खात नाही. पाकिटं स्वतः उघडते. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला गेली आणि सहा तास पाणी पिऊन बसली." शुभदा काठी टेकत दारापर्यंत आली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. शुभदाने हात जोडले. फ्राउ केलरांनी मान हलवली आणि जिना उतरल्या.

प्रकरण मिटल्यावर मी लेनाला माफीचं पत्र लिहिलं. चार महिने उत्तर आलं नाही. मग एका ओळीचं आलं: येनाला, अमुक ट्रामच्या थांब्यावर, अमुक दिवशी, दुपारी.

मी अर्धा तास आधी जाऊन बसलो. ती आली. खूप वाळली होती. केस पुन्हा ताणून बांधलेले. माझ्या बाकावर, पण टोकाला बसली. मी पाठ केलेलं जर्मन बोलायला सुरुवात केली. तिने मध्येच थांबवलं.

"पत्रात वाचलं ते," ती म्हणाली. "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी ती भजी फार चांगली झाली होती. दुसऱ्या भज्यालाच जीभ चुरचुरायला लागली होती. मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, मिरची आहे. चांगली लागत होती म्हणून मी खात राहिले. माझे मित्र माझ्याकडे बघत होते. मला त्यांना दाखवायचं होतं. मी रोज विचार करते, मी कुठे चुकले. मी तुम्हाला नीट विचारलं नाही बहुतेक. आई नेहमी एकेक गोष्ट विचारायची, पाकीट मागायची. मी नुसतं 'वी इमर' म्हणाले. मोहरी हा शब्दही उच्चारला नाही. तुम्हाला गर्दीत कळलं नसेल मी काय विचारतेय."

ट्राम आली, माणसं उतरली, ट्राम गेली. जबाबातलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते बोललो असतो तर तिने मान डोलावली असती.

"मला कळलं होतं," मी म्हणालो. "तू काय विचारतेयस ते मला कळलं होतं. पिठात मोहरी होती. मी पाहिली होती. तरी हो म्हणालो."

ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"का?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. रांग होती, तिचे मित्र होते, नाही म्हणायचा संकोच होता; यातलं एकही कारण त्या मुलीच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. ती वाट पाहत होती. मग तिने वाट पाहणं सोडलं.

"म्हणजे मी बरोबर विचारलं होतं," ती म्हणाली. मला नाही, स्वतःशीच.

"बरोबर विचारलं होतंस."

तिचा चेहरा हलका होईल असं मला वाटलं होतं. एवढं तरी मी तिला दिलं, असं क्षणभर वाटूनही गेलं. पण ती मला न्याहाळत होती, आणि पाहता पाहता तिच्या डोळ्यांत भीती आली. आजवर ती स्वतःला दोष देत होती, तेव्हा निदान पुढच्या वेळी नीट विचारण्याची सोय होती. आता तीही उरली नव्हती. नीट विचारलं, समोरच्या ओळखीच्या माणसाला कळलं, आणि तरी तो हो म्हणाला. मग यापुढे कुणाला काय विचारायचं?

पुढची ट्राम आली तशी ती उठली, सॅक छातीशी धरली आणि चढली. दार बंद होईपर्यंत तिने माझ्याकडे पाठ केली नाही.